डाव्या बाहीचा कागद

३ फेब्रुवारी

प्रिय आत्या,
नमस्कार.

"तू ऑफिसात दिवसभर नेमकं करतेस तरी काय?" असं तू विचारलं आहेस. आत्या, या प्रश्नाचं उत्तर मला देता येत नाही. एक तर पहिल्याच दिवशी मी एका कागदावर सही केली आहे, की इथं वाचलेलं, ऐकलेलं, पाहिलेलं काहीही बाहेर बोलणार नाही. आणि दुसरं म्हणजे, तीन आठवडे झाले तरी मलाच ते पुरतं कळलेलं नाही.

सांगण्याजोगं आहे तेवढं सांगते. दारावर 'तक्रार कक्ष' अशी पाटी आहे. ती रस्त्यावरून सगळ्यांना दिसते, तेव्हा ती गुप्त नसावी. जिल्ह्यातल्या गावागावांतून लोक आम्हाला तक्रारी लिहून पाठवतात. तक्रार करणाऱ्याचं नाव बाहेर फुटू न देणं, हे आमचं मुख्य काम. तू हसशील, पण मला हे काम फार मोठं वाटतं. एखादा माणूस घाबरत घाबरत चार ओळी लिहितो, खाली आपलं नाव घालतो, आणि ते नाव आमच्या हवाली करतो. आपल्या घरात कुणी कधी सरकारला चार ओळी लिहिल्या होत्या का? बाबा तर मतदार यादीत चुकलेलं नावसुद्धा तसंच चालवतात.

कागद ठेवायला लोखंडी कपाट आहे, त्याला दोन कुलपं. एक किल्ली हेडक्लार्क जेवणाच्या डब्यात ठेवतात, कारण डबा ते कधीच विसरत नाहीत. दुसरी दाराशेजारच्या खिळ्याला टांगलेली असते, आणि तिला चिठ्ठी बांधली आहे: 'गोपनीय कपाट, दुसरी किल्ली'. मी न राहवून विचारलं, तर म्हणाले, "अहो, चिठ्ठी नसती तर कुणीही कसलीही किल्ली समजून घेऊन गेलं असतं."

'गोपनीय' असा शिक्काही आहे. चहा बिनसाखरेचा कुणाकुणाला, या यादीवरसुद्धा तो मारलेला आहे. मी हसले, तर हेडक्लार्क म्हणाले, "साखर हा आजार आहे. आजार खाजगी असतो." मग मला वाटलं, बरोबरच आहे की.

फोन दारातल्या पेटीत ठेवावा लागतो, म्हणून पत्र. आणि तुझा फोन दुकानात कायम मोठ्या आवाजावर असतो. मागच्या वेळी मला ताप आल्याचं तुझ्या आधी तुझ्या गिऱ्हाइकांना कळलं होतं.

सोबत एक गठ्ठा पाठवते आहे. छपाई चुकलेले फॉर्म आहेत, मागची बाजू कोरी. रद्दीत पडले होते. तू कपडे बेतायच्या कागदी कटिंगला वर्तमानपत्रं वापरतेस आणि शाई कापडाला लागते, हे मला आठवलं. हेडक्लार्क म्हणाले, "न्या की!" पण सरकारी वस्तू अशी तोंडी कशी न्यायची? मी लेखी परवानगी घेतली, दोन प्रतींत. त्यांनी सही केली आणि सवयीनं त्यावरही 'गोपनीय' मारलं.

सहा महिन्यांची परीक्षा आहे. तेवढ्यात एकही ठपका आला नाही, तर कायम. बाबांनी आख्ख्या गल्लीला आधीच सांगून टाकलंय, तेव्हा कायम होणं भाग आहे.

तुझी भाची


११ फेब्रुवारी

मास्तरीणबाईंस आत्याचा आशीर्वाद.

गठ्ठा मिळाला. कागद फस्क्लास. मागची बाजू कोरी, जाड, घडीवर चिरत नाही. वरचे वीस-पंचवीस वापरून झाले. तुझी परवानगीची प्रत मी दुकानात काचेखाली लावलीय. लोक विचारतात हे काय, मी म्हणते, गोपनीय आहे.

तुझा बाप परवा आला होता. पाण्याच्या टाकीखाली उभा राहून चारचौघांना सांगत होता, "आमची पोरगी काय करते ते सरकार आम्हालासुद्धा कळू देत नाही!" एवढा ताठ तो स्वतःच्या लग्नात उभा नव्हता.

तुमच्या कपाटाची गोष्ट वाचून मी आणि काजं करणारी बाई पोट धरून हसलो. (तिला फक्त किल्लीचं सांगितलं, बाकी नाही.) अगं, गुपित कसं ठेवायचं ते आमच्याकडून शीक. तेवीस वर्षांमागे माझ्या मापाच्या वहीत सगळ्यांची नावं असायची. एक दिवस एका सासूनं गुपचूप वही चाळली, सुनेच्या कंबरेचं जुनं माप आणि नवं माप ताडून पाहिलं, आणि बातमी सुनेनं सांगायच्या आत गावभर केली. ती पोरगी माझ्या दुकानात येऊन रडली. त्या दिवसापासून वहीत नाव नाही. प्रत्येकीला एक खूण. कुणाची खूण खिडकी, कुणाची शिट्टी, कुणाची पाढे. कोण कोण ते माझ्या डोक्यात. कुणाचा खांदा उतरलाय, कुणाच्या पाठीला पोक आलंय, कुणी आतून काय लपवलंय, मला सगळं कळतं. एक अक्षर बाहेर गेलेलं नाही.

मला कुलूप लागत नाही. टाळकं लागतं.

जेवतेस ना वेळेवर?

तुझी आत्या


२० फेब्रुवारी

प्रिय आत्या,

तुझी खुणांची पद्धत मी दोनदा वाचली. खरंच आमच्यापेक्षा चांगली आहे. आमच्याकडे एका तक्रारीच्या पाच प्रती काढतात, 'सुरक्षेसाठी'. एक गुप्त गोष्ट पाच ठिकाणी ठेवली की ती पाचपट सुरक्षित होते, असं हेडक्लार्कांचं मत आहे. शिवाय मशीन जुनं, चारातली एक प्रत तिरकी निघते.

काल माझ्या टेबलावर जुन्या फायलींचा एक नवा ढीग आला. त्याबद्दल अर्थातच काही लिहीत नाही.

आत्या, मी काय म्हणत होते, तू मशीन बाहेर फूटपाथवर टाकून बसतेस, ते आता आत घ्यावं असं मला वाटतं. रस्त्यावर केवढी धूळ असते! ती नाकातोंडात जाते. मी कुठेतरी वाचलंय. नक्की कुठे ते आठवत नाही, पण चांगल्या ठिकाणी वाचलंय. आणि त्या दोन स्टुलांवरही धूळ बसते. तीही आत घे. मोठं लाकडी टेबलही. खरं तर दाराच्या बाहेर काहीच नको.

हे लवकर केलंस तर बरं. धुळीचं सांगता येत नाही.

बाकी सगळं ठीक. जेवण वेळेवर घेते.

तुझी भाची


२७ फेब्रुवारी

साहेबीणबाईंस,

पत्र मिळालं. चार वेळा वाचलं. काय ते कळलं.

धूळ! अगं, बावीस वर्षं मी त्या फूटपाथवर बसतेय, तेव्हा धूळ नव्हती वाटतं? तुझे पहिलीपासूनचे गणवेश तिथंच शिवले. तू त्याच स्टुलावर बसून अभ्यास केलास, येणाऱ्या-जाणाऱ्याची बेरीज तपासून दिलीस, म्हणून तर तुझं नाव मास्तरीण पडलं. आत दुकानात दुपारी बारा वाजता सुईत दोरा ओवता येत नाही. तुला माहीत आहे.

सरळ लिहायचं होतंस. आता मोठ्या ऑफिसात बसते, उद्या कुणी साहेब इकडे आला आणि 'ती फूटपाथवरची शिंपीण कोण' म्हणाला, तर 'माझी आत्या' म्हणायला जड जाईल. मला राग नाही. शिकलं की माणसाचे डोळे बदलतात. पण मला वाटलं होतं तुझे बदलणार नाहीत.

मशीन हलणार नाही. स्टुलंही नाहीत. कालच तिसरं स्टूल आणलं.

निळ्या कापडाचे तुझे दोन ड्रेस शिवून झालेत. येणाऱ्या माणसाबरोबर पाठवते. ऑफिसात घालायला चालतील का ते साहेबांना विचार.

आत्या


५ मार्च

प्रिय आत्या,

ड्रेस मिळाले. दोन्ही अंगाला बरोबर बसले. मी आज त्यातला एक घालून गेले, आणि मॅडमनी, म्हणजे आमच्या मुख्य अधिकाऱ्यांनी, विचारलं, "कुणी शिवला?" मी म्हटलं, "माझ्या आत्यानं. ती फूटपाथवर मशीन टाकून बसते." अगदी असंच म्हटलं. मोठ्यानं. हेडक्लार्कांनी मान वर करून पाहिलं.

मला तुझी लाज कधी वाटली नाही आणि वाटणारही नाही. मी तसं लिहिलं त्याला कारण आहे. ते कारण मी सांगू शकत नाही. आत्या, एवढंच एक वाक्य लिहायला मी तीन कागद फाडले.

(फाडलेले कागद बारीक तुकडे करून मगच टाकले.)

तिसरं स्टूल तरी आत घेशील का?

तुझी भाची


१४ मार्च

चि. मास्तरीण,

दार लावून घे आणि मग वाच. शेजारी कुणी असेल तर त्याला चहाला पाठव. बिनसाखरेच्या.

काल दुपारी एक गिऱ्हाईक ब्लाउज टाकायला आलं. नाव लिहीत नाही. वहीत जिची खूण 'पाढे'. तिनं तुला आणि अर्ध्या गावाला ते पाठ करायला लावले, एवढं पुरे. बाई स्टुलावर बसल्या, काठी मशीनला टेकवली, आणि म्हणाल्या, "माझ्यासमोर काप. मागच्या वेळी बाही तोकडी केलीस."

मी तुझ्या गठ्ठ्यातला कागद घेतला, कोरी बाजू वर, बाही आखली, कापली, कापडावर ठेवून उजवी बाही बेतली. आता डाव्या बाहीला तोच कागद उलटा करायचा असतो, हे तुला माहीत आहे. केला उलटा. तर वर तिरकी छापलेली अक्षरं. आणि पहिल्याच ओळीत माझ्या दुकानाची पाटी.

मी वाचत गेले. 'सदर शिवणकाम करणाऱ्या बाई स्वभावाने चांगल्या आहेत. बावीस वर्षे मी त्यांच्याकडेच कपडे शिवते, त्यामुळे तोंडावर सांगण्याचे धाडस होत नाही. परंतु माझा एक डोळा गेला आहे. त्यांचे मशीन, टेबल व स्टुले यांमुळे मला फूटपाथ सोडून रस्त्यात उतरावे लागते. आजवर दोनदा पडले. कृपया माझे नाव त्यांना…' पुढचं मुंढ्याच्या, खांद्याकडच्या गोलाईत कापलं गेलंय. पण खाली मनगटाच्या बाजूला सही आहे, आणि ते अक्षर तर तुझ्या प्रगतिपुस्तकावर सात वर्षं पाहिलंय.

आणि सहीची मालकीण माझ्यापासून दीड हातावर बसलेली!

"काय गं, थांबलीस का?" बाई म्हणाल्या.

"काही नाही बाई. बाही लांब होतेय का बघते."

"मग वाचतेस काय?"

मी दोन्ही कोपरं त्या कागदावर टेकवून सपशेल आडवी झाले. म्हटलं, "कंबर धरली बाई. शिंप्याची कंबर, अशीच धरते मधूनच."

"वजन कमी कर," बाई म्हणाल्या.

खरं सांगू? आधी डोक्यात तिडीक गेली. बावीस वर्षं इथं बसून माझ्या कानाशी गप्पा मारते, आणि माझ्यावरच सरकारला अर्ज! वाटलं, उठावं आणि विचारावं. तोंडात शब्द आला होता. मग आठवलं, मघाशी बाहीचं माप घेताना बाईंच्या कोपरावर तळहाताएवढा काळानिळा डाग दिसला होता. मी विचारलं तर म्हणाल्या, "कपाटाला लागलं." कपाटाला! ते माझंच टेबल असणार.

मी डावी बाही कापली. बाही चांगली झाली.

आता तुझी धूळ कळली गं. मी काय काय लिहून बसले तुला. चुकलं माझं.

मशीन आत घ्यायचं ठरवलं, पण लगेच घेतलं तर बाई ओळखणार, की हिला कुणीतरी सांगितलं. मग तुझीच धूळ कामाला आली. आज सकाळी सगळ्यांदेखत ओरडून सांगितलं, "भाचीचं पत्र आलंय, धुळीनं छाती बिघडते म्हणून!" टेबल, मशीन, तिन्ही स्टुलं आत. वायरमनला बोलावून डोक्यावर मोठा दिवा लावून घेतला. बाई जाताना थांबल्या, काठीनं मोकळी जागा चाचपली, म्हणाल्या, "बरं केलंस. पोरगी शिकली त्याचा उपयोग झाला."

आता महत्त्वाचं. मग मी सगळा गठ्ठा तपासला. वरती आणि खाली कोरे फॉर्म, मध्ये असल्याच तिरक्या प्रती, चौदा. अकरा तशाच होत्या. तीन कापल्या गेल्यात: ही बाही, एक कॉलर, एक पाठ. सगळं माझ्या खिळ्यावर आहे, दुकानाबाहेर काही गेलेलं नाही. मी बाकीचं वाचलं नाही. बरं, एक वाचलं. कोंबड्याविषयी होतं, राहवलं नाही.

यातलं कुणाला काही ठाऊक नाही. तू म्हणालीस तर काडी लावते. राख झाली की संपलं. तू तोंड मिटून सहा महिने काढ आणि कायम हो. तुझ्या बापानं टाकीखाली उभं राहून जे काही सांगितलंय, ते त्याला परत गिळायला लावू नकोस. मी मरेपर्यंत बोलणार नाही. तेवीस वर्षं बोलले नाही, तुला माहीत आहे.

तुझी आत्या


१९ मार्च

प्रिय आत्या,

काल तुझं पत्र वाचलं आणि आधी पेटीतून फोन काढून तुला फोन केला. मी "काडी नको, कटिंग जपून ठेव" एवढंच म्हटलं, तू "बरं" म्हणालीस, आणि मागून काजं करणाऱ्या बाईंचा आवाज आला, "कसली काडी?" त्यांना काय सांगितलंस ते मला कळव. आपलं दोघींचं एकच असायला हवं. नाही, थांब. नको. आता खोटं काही नको.

तू माझ्यासाठी ते जाळायला निघालीस, हे मी विसरणार नाही. मी अर्धा तास खरंच 'हो' म्हणायच्या बेतात होते. बाबांचा चेहरा डोळ्यांपुढे येत होता. घरातली पहिली पदवी, पहिली नोकरी, आणि तिसऱ्याच महिन्यात ठपका. पण आत्या, तुझ्या खिळ्यावर चौदा माणसं टांगलेली आहेत, आणि ती तिथं मी टांगली आहेत. वरचे चार कागद पाहून गठ्ठा बांधला, आणि परवानगी मात्र दोन प्रतींत! आणि रद्दीचा ढीग अजून तसाच आहे. दर दोन महिन्यांनी रद्दीवाला येतो. त्याच्याकडून आजवर काय काय कुठे गेलं असेल? तुझ्यासारखी कोपरं टेकवणारी माणसं सगळीकडे नसतात.

दुसरंही आहे. मी जे धूळ धूळ लिहिलं, ती धूळ नव्हतीच. तुझ्यावरची तक्रार मी वाचली आणि तुला आडून सांगितलं. बाईंनी हात जोडून जे करू नका म्हटलं होतं, ते मी केलं, फक्त शब्द बदलून. गठ्ठा चुकून गेला. हे मी समजून उमजून केलं.

म्हणून आज सकाळी मी दीड पानी अहवाल लिहिला. गठ्ठा कसा गेला, किती प्रती, कुठे आहेत, कुणी पाहिल्या. हेडक्लार्कांनी फक्त वरचे फॉर्म पाहून सही केली, हेही. शेवटी सुचवलं, की तक्रारीच्या प्रतीवर नाव न ठेवता खूण ठेवावी, आणि नाव एकाच वहीत, एकाच माणसाकडे. 'ही पद्धत एका शिवणकामाच्या दुकानात तेवीस वर्षे यशस्वीपणे चालू आहे' असं लिहिलंय. दुकानाचं नाव दिलं नव्हतं, पण पुढच्या रकान्यातून ते उघड झालंच. तो रकाना असा: 'तक्रार ज्यांच्याविरुद्ध आहे त्यांच्याशी आपले नाते'. सगळे तिथं 'निरंक' लिहितात. मी 'सख्खी आत्या' लिहिलं. हे मी ती फाईल आली त्याच दिवशी लिहायला हवं होतं. ती फाईल आता माझ्याकडे नाही.

मॅडमनी अहवाल वाचला, चष्मा काढला. "हे तुम्हाला कुणी लिहायला सांगितलं?"

"कुणी नाही."

"हा अजून माझ्या टेबलावर आहे. आवक नोंदीत गेला, की मग तो तुमच्या फाईलला लागेल. कायम करताना ती फाईल माझ्या हातात नसते. वर जाते. कळतंय ना?"

मी हो म्हटलं आणि अहवाल उचलला. बाहेर आले तर हेडक्लार्क उभे. डबा काखेत. "अहो, सहा महिने मुकाट काढायचे असतात," ते कुजबुजले. "मी अठ्ठावीस वर्षं काढली." मग माझा कागद घेऊन त्यांनी स्वतःचं नाव कुठे आहे ते शोधलं, तो परिच्छेद दोनदा वाचला, आणि जरा वेळानं खिळ्यावरची किल्ली काढून डब्यात टाकली. चिठ्ठीसकट.

गुरुवारी आमचे एक अधिकारी तुझ्याकडे येतील. त्यांना चौदाच्या चौदा दे. बाही, कॉलर, पाठ, कापलेले तुकडेसुद्धा. मोजून दे आणि पोच घे. बाई दुकानात असतील तर त्यांना 'मापाला आलेत' म्हण. एवढं एक खोटं चालेल, ते बाईंसाठी आहे. कोंबड्याचं मात्र विसरून जा.

बाबांना मी अजून सांगितलेलं नाही. रविवारी येऊन मीच सांगेन. तू आधी फोडू नकोस.

हेडक्लार्कांकडून कागद परत घेऊन मी आवकच्या खिडकीशी गेले. तिथले शिपाईकाका शिक्का शाईत बुडवून थांबले. त्यांनी वरची ओळ वाचली होती. "पोरी, एकदा नंबर पडला की हा कागद साक्षात मॅडमनासुद्धा परत काढता येत नाही. मारू?"

"मारा," मी म्हटलं.

अकरा वाजून दहा मिनिटं. आवक क्रमांक चारशे सतरा.

तुझी भाची